परळचा हॉल बंद झाल्यावर एका नमन मंडळाने काय केलं

नोव्हेंबर २०२३ मध्ये परळचं दामोदर नाट्यगृह पुनर्विकासासाठी बंद झालं. सोशल सर्व्हिस लीगचं हे नाट्यगृह १९२२ सालचं. बातम्या आल्या, निषेध झाले, कोकणातले लोककलावंत आणि व्यावसायिक नाट्यकर्मी एकत्र आले, आधी नव्या नाट्यगृहाची हमी द्या अशी मागणी झाली. ते सगळं जाहीर आहे. हे टिपण त्यातल्या एका लहानशा गोष्टीचं आहे. संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीचं मुंबईत नमन मंडळ आहे, म्हणजे शिमग्यातलं कोकणी लोकनाट्य करणाऱ्यांचं, आणि त्याचा वर्षातला एकमेव मोठा प्रयोग जानेवारीत याच हॉलमध्ये व्हायचा. हॉल बंद झाला तेव्हा तालमी सुरू झाल्या होत्या, मृदंग नव्याने मढवून आणला होता, तिकिटांची बुकं तेवढी छापायला टाकायची होती. पुढच्या दोन हंगामांत मंडळाने काय काय केलं, त्यातलं काय जमलं आणि काय फसलं, हे मी जवळून पाहिलं. वाडीचं आणि माणसांचं नाव घेत नाही, तसं बोलणंच झालं होतं.

मंडळ

पस्तीसेक माणसं. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी तपासलेला हिशेब, अध्यक्ष, सचिव, खजिनदार. कागदावर पाहिलं तर हे एक साधं ग्रामस्थ मंडळ आहे. घटनेतल्या उद्देशांत 'लोककलेचे जतन' चौथ्या क्रमांकावर येतं. त्याआधी वाडीतलं देऊळ, विद्यार्थ्यांना वह्यावाटप आणि 'अडीअडचणीत सभासदांस साहाय्य'. हा क्रम लिहिणाऱ्याने फार विचार करून लावला असेल असं नाही, पण या प्रकरणाची किल्ली मला तिथेच सापडली.

बहुतेकांचे आजोबा, काहींचे वडील लालबाग-परळच्या गिरण्यांत होते. चाळीत गावमंडळाची खोली होती. बायकापोरं गावी, इथे एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे पुरुष. तालीमही तिथेच, गॅलरीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यात उतरले आणि त्यातल्या कितीतरी जणांना ती नोकरी पुन्हा दिसली नाही. खोलीचे वाटेकरी पांगले. काही गावी परतले, काही पश्चिम रेल्वेने नालासोपारा-विरारकडे सरकले, काही मध्य रेल्वेने दिवा-बदलापूरकडे. चाळ पुढे पुनर्विकासात गेली.

आजच्या मंडळात सिक्युरिटी गार्ड आहेत, कुरियरवाले आहेत, बँकेतला शिपाई आहे, बेस्टचा कंडक्टर आहे, पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसणारी मुलगी आहे, मोटरसायकलवरून लोकांच्या घरी जेवण पोचवणारा पोरगा आहे. कलेवर पोट असलेलं कुणीही नाही. 'कलाकार' हा शब्द फक्त हस्तपत्रिकेवर येतो, एरवी 'खेळे'.

नमन न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. रत्नागिरी जिल्ह्यात शिमग्याच्या दिवसांत खेळे वाड्यावाड्यांतून फिरतात आणि रात्री खेळ मांडतात. आधी देवादिकांना, गावदेवीला नमनं. मग गण, म्हणजे गणपतीचं स्तवन. मग गौळण: मथुरेच्या बाजाराला निघालेल्या राधा आणि गौळणी, वाट अडवून दान मागणारे कृष्ण-पेंद्या, आणि सगळ्यांत तोंड घालणारी मावशी, जी आजही पुरुषच करतो. काळ्या कपड्यांतला, पांढऱ्या दाढीचा संकासूर घुंगरं वाजवत येतो. मग वग, म्हणजे कथानक असलेलं नाटक. मागे ओळीने उभे झीलकरी, म्हणजे मागून सूर धरणारे, हातात टाळ, बाजूला मृदंग. गावात हे रात्र रात्र चालायचं. मुंबईच्या हॉलमध्ये ते साडेतीन तासांत बसवलं गेलं, वग फुगला, रंगीत पडदे आले, राधा-गौळणी बायका करू लागल्या आणि जाहिरातीत 'बहुरंगी नमन' असं छापून यायला लागलं. शुद्धतेचा आग्रह असलेली मंडळी यावर नाकं मुरडतात. मला त्यात वावगं दिसत नाही. घड्याळ आलं की खेळ बदलणारच.

तिकिटाची वही

बाहेरून पाहणाऱ्याला दोनच निष्कर्ष सुचतात. हाऊसफुल्लचा बोर्ड पाहिला की वाटतं, ही कला स्वतःच्या पायावर उभी आहे. प्रेक्षकांत एकाच तालुक्याची माणसं दिसली की वाटतं, संपत आली. दोन्ही चूक, आणि का ते खजिनदाराच्या वह्या पाहिल्या की कळतं.

वह्या दोन. एकीत जमाखर्च: दरमहा २०० रुपये वर्गणी, हॉलचं भाडं, साउंड, लाइट, मेकअप, ड्रेसवाला, चहा-वडापाव. दुसरीत कुठल्या वाडीच्या मंडळाने आपली किती तिकिटं घेतली आणि आपण त्यांची किती घेतली याची नोंद. खिडकीवर तिकीट फारसं विकलंच जात नाही. प्रत्येक सभासदाला बुक मिळतं. तो ते साडू, मेहुणा, शेजारी, ऑफिसातला मित्र आणि मुख्य म्हणजे इतर मंडळांतली ओळखीची माणसं यांच्यात खपवतो. त्यांनी दहा घेतली असतील तर त्यांच्या प्रयोगाला आपण दहा घ्यायचीच. लग्नातल्या आहेराच्या वहीसारखा हा प्रकार आहे. पैसा मंडळांमंडळांत फिरतो, त्यातून बाहेर जातं ते भाडं आणि साउंडवाल्याचं बिल. नफा म्हणावा असं काही उरत नाही, उरावं अशी अपेक्षाही नसते.

हे चक्र परळलाच का फिरत होतं? मध्य रेल्वेचं परळ आणि पश्चिम रेल्वेचं प्रभादेवी ही स्टेशनं एकमेकांना लागून आहेत. नालासोपाऱ्याचा मामा आणि दिव्याची आत्या एकाच प्रयोगाला येऊन आपापल्या गाडीने परत जाऊ शकतात, अशा जागा मुंबईत दादर-परळ सोडून किती? दादर-माटुंग्याच्या नाट्यगृहांत शनिवार-रविवार व्यावसायिक नाटकांनी भरलेले असतात आणि भाड्याचा आकडा या वहीत मावत नाही. परळला रात्री साडेआठला पडदा वर जायचा, बाराच्या आत खाली यायचा, कारण शेवटच्या गाड्या. खजिनदार दर प्रयोगाआधी एकच सूचना द्यायचा: "वग पडला तरी चालंल, शेवटची विरार पडता कामा नये."

म्हणजे हॉल बंद झाला तेव्हा रंगमंच तर गेलाच, पण दोन रेल्वेमार्गांवर विखुरलेल्या गोतावळ्याची मधली जागाही गेली. रंगमंच दुसरा मिळतो. मधली जागा मिळायला शहराचा नकाशा बदलावा लागेल.

डिसेंबरची बैठक

बैठक नालासोपारा पूर्वेला एका शाळेच्या वर्गात झाली. लहान मुलांचे बाक, त्यांत गुडघे दुमडून बसलेले गार्ड आणि कंडक्टर, फळ्यावर कुणीतरी पुसायचा राहिलेला सतराचा पाढा.

गिरगावचं साहित्य संघ मंदिर सुचवलं गेलं. दिव्या-बदलापूरच्या लोकांनी रात्री तिथून निघायचं कधी, असा प्रश्न आला. बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिर पश्चिमवाल्यांना सोयीचं, मुलुंडचं कालिदास मध्यवाल्यांना. महापालिकेच्या नाट्यगृहांच्या तारखा बऱ्याच आधी वाटल्या जातात, तेव्हा जानेवारीतला रविवार मिळणं कठीणच. प्रभादेवीचं रवींद्र नाट्य मंदिर त्या काळात नूतनीकरणात होतं, ते २०२५ च्या फेब्रुवारीत उघडलं. तरुण पोरांचं म्हणणं वेगळंच: यंदा प्रयोग करूच नका, एखादा हॉल दिवसभर घेऊन चांगल्या कॅमेऱ्यांनी शूटिंग करा, यूट्यूबवर टाका, जगभर दिसेल.

याला विरोध कलेच्या नावाने होईल असं मला वाटलं होतं. झाला तो वहीच्या नावाने. खजिनदार म्हणाला, मागच्या वर्षी ज्यांनी आपली तिकिटं घेतली त्यांचं ठीक आहे, त्यांची घेऊन ते देणं फेडता येईल, पण आपण ज्यांची घेतली त्यांचं देणं आपल्याकडे यायचं आहे, आणि आपला प्रयोग नाही म्हटल्यावर यंदा आपली तिकिटं त्यांच्याकडे जाणार नाहीत. एक वर्ष खाडा पडला की ही वही थंड पडते, मग पुन्हा कुणी विचारत नाही.

मृदंगी काका शेवटी बोलले. साठीच्या आसपासचा माणूस, बारा तासांची गार्डची ड्युटी करून आलेला. "शिमग्याला गावाला खेल व्हनारच हाय. हितं तालीम नाय केली तर तितं काय नाचनार तुमी?" गावात आता खेळायला माणसं उरलेली नाहीत. वाडीतली निम्मी घरं कुलपात. शिमग्याचा खेळ उभा राहतो तो मुंबईहून सुट्टी काढून गेलेल्यांच्या जिवावर, आणि मुंबईचा प्रयोग ही त्याची सगळ्यात मोठी तालीम असते. गावाला खेळ चुकवणं ही देवाशी बांधलेली गोष्ट, तिच्यावर मतदान होत नाही.

ठरलं ते असं: नालासोपाऱ्याच्याच एका मैदानात, तिकीट न लावता, इच्छेप्रमाणे देणगी घेऊन प्रयोग करायचा. दिव्याकडच्यांनी तोंडं वाकडी केली, पण आले.

मैदान

मैदानात कुणालाच टाळता न येणारी अडचण म्हणजे रात्रीचे दहा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सुरुवात लवकर करावी तर माणसं कामावरून सातशिवाय घरी पोचत नाहीत. म्हणजे साडेतीन तासांचा खेळ अडीच तासांत.

कापायचं काय? इथे मंडळ उभं दुभंगलं. तरुणांचं म्हणणं, वग हेच आकर्षण, नमनं उरका. म्हाताऱ्यांचं म्हणणं, नमनं आणि संकासूर यांना हात लावायचा नाही, वग ही नंतरची भर. वग लिहिणारा बँकेतला शिपाई. वगाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र होतं, त्याचा त्याला मोठा अभिमान. लॅमिनेट करून ठेवलं आहे. त्याने वाद संपायची वाट पाहिली नाही. चर्चगेटहून विरार पकडायची, खिडकी मिळाली तर वही काढायची आणि पेन्सिलीने ओळी छाटायच्या. दरबाराचा एक अख्खा प्रवेश गेला. सेनापतीचं स्वगत चार ओळींवर आलं. त्याने मला ती पानं दाखवली तेव्हा लक्षात आलं की त्याने विनोद फारसे कापलेच नव्हते, कापली होती ती माहिती: कोण कुणाचा मुलगा, युद्ध कशावरून झालं. "लोकांना ते ठाऊक असतं, मला लिहायला आवडतं म्हणून लिहिलेलं," तो म्हणाला. वग आधीपेक्षा बरा झाला, हे माझं मत. त्याला ते पटलेलं नाही.

मावशी मात्र ऐकेना. गौळणीतली त्याची बडबड आयत्या वेळची असते, वीस मिनिटं, कधी पंचवीस. सात मिनिटांत बसव म्हटल्यावर तो चिडला. प्रयोगात त्याने घड्याळालाच पात्र करून टाकलं: "ए किस्ना, काय दान घ्याचा तो लवकर घे, धाला पोलीस येतील, मग मला लॉकअपात मुरलीचा आवाज ऐकवशील काय?" मैदान हसून लोळलं. ही ओळ आता कायमची झाली आहे, हॉलमध्येसुद्धा.

जानेवारीत संध्याकाळी दव पडायला लागतं आणि चामडं सैल होतं. मृदंगी काका विंगेच्या नावाखाली बांधलेल्या ताडपत्रीमागे बसून होते. मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावायची असते. भिजवलेला गोळा अंगठ्याने पसरायचा, वाजवून पाहायचं, नखाने थोडी खरवडून काढायची, पुन्हा वाजवायचं. उजव्या बाजूला गठ्ठ्यांवर हातोडी. हॉलमध्ये हे एकदाच करायचे; त्या रात्री गण आणि गौळणीच्या मधे, गौळण आणि वगाच्या मधे, पुन्हा पुन्हा. ध्वनिव्यवस्था बेकार होती, वाऱ्याने माइक घोंगावत होते, तरी मृदंग उतरला नाही.

फसलं ते दुसरीकडे. बायकांना कपडे बदलायला मैदानात धड जागा नव्हती. ताडपत्रीच्या आडोशाला साड्या नेसताना पलीकडून पोरं डोकावत होती. राधा करणारीने, म्हणजे लॅबमधल्या मुलीने, प्रयोग पूर्ण केला आणि दुसऱ्या दिवशी सचिवांना सांगितलं, असं पुन्हा असेल तर माझं नाव काढा. यावर 'कलेसाठी थोडं सोसावं लागतं' असं कुणीतरी म्हणालं. कोण ते लिहीत नाही, पण सोसणारा आणि हे वाक्य म्हणणारा कधीच एक नसतो.

देणगीतून खर्च निघाला नाही. उरलेला भार वर्गणीच्या फंडावर. एक गोष्ट मात्र अनपेक्षित घडली. नालासोपाऱ्यातच जन्मलेली, परळला कधी न नेलेली पोरं पहिल्या रांगेत मातीवर बसली होती आणि संकासुराच्या मागे धावत होती. मंडळातल्याच लोकांची ही मुलं. रात्रीचा प्रयोग, शाळा, लोकलची गर्दी म्हणून इतकी वर्षं घरी ठेवली जात होती.

डावा हात

फेब्रुवारीत मृदंगी काकांना पक्षाघाताचा झटका आला. डावा हात गेला. होळी २४ मार्चला होती.

मंडळ कशाचं बनलेलं आहे, ते या आठवड्यांत दिसलं. दवाखान्यात रात्री थांबायला कोण, याची यादी त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पडली. ज्यांची दिवसपाळी ते रात्री, ज्यांची रातपाळी ते सकाळी डबा घेऊन. गिरणीच्या खोलीत झोपायच्या पाळ्या लावणाऱ्यांची ही नातवंडं, त्यांना हे शिकवावं लागलं नाही. फंडातून पैसे निघाले, त्यासाठी सभा घ्यावी लागली नाही, कारण घटनेतला तिसरा उद्देश. मी नाट्यसंस्था पाहिल्या आहेत, चांगल्या चालणाऱ्या. तिथे आजारी नटासाठी मदतीचं आवाहन निघतं, सह्या होतात, कार्यक्रम ठेवला जातो. इथे मदत आधीपासून मांडून ठेवलेली होती आणि नमन तिच्या जिवावर चाललं होतं. लोककला टिकवण्याच्या योजना आखणारे प्रशिक्षण, महोत्सव, दस्तऐवजीकरण यांवर खर्च करतात. या मंडळाला त्यातलं काहीच मिळालेलं नाही, आणि ते टिकलं ते दवाखान्याच्या यादीमुळे, असं माझं ठाम मत झालं आहे.

मृदंग वाजवणार कोण? काकांखेरीज कुणालाच येत नव्हता, वर्षानुवर्षं त्याची गरजच पडली नव्हती. जेवण पोचवणारा पुतण्या झीलेत उभा राहायचा, त्याला बोल कानाने पाठ होते. जुन्या प्रयोगांची रेकॉर्डिंगं हेल्मेटखाली इअरफोन लावून ऐकत तो हिंडला. ऑर्डर तयार व्हायची वाट पाहताना हॉटेलबाहेर मोटरसायकलच्या सीटवर बोटं चालवायचा. शिमग्याला त्याने निभावून नेलं. चांगलं वाजवलं असं म्हणणार नाही. गण संथ झाला, संकासुराच्या उड्या चुकल्या, आणि गावकऱ्यांनी त्याला तसं तोंडावर सांगितलंही.

काका घरी आल्यावर मात्र मिटून गेले. तालमीला येईनात, फोन घेईनात. समजूत काढायला गेलेल्यांना ते "बरा हाय" एवढंच सांगत. मग सचिवांनी समजूत काढणं सोडून दिलं आणि रविवारच्या तालमीची जागाच बदलली: काकांच्या इमारतीची गच्ची. आवाज खाली यायचाच. तिसऱ्या-चौथ्या रविवारी पुतण्याने एक तुकडा सारखा चुकवला, तेव्हा खालून जिन्यात आधी शिवी आली, मग काका आले. आता ते भिंतीला टेकून बसतात, बोल तोंडाने सांगतात, उजव्या हाताने मांडीवर वाजवून दाखवतात. दर रविवारी पस्तीस कप चहा काकी करतात, त्याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही. मी तसं खजिनदाराला म्हटलं. त्यानंतर दूध-साखर मंडळाच्या खर्चात धरली जाते, काकींचे हात नाहीत.

ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनासाठी अर्ज करायचा ठरलं. राज्य सरकारच्या या योजनेत २०२४ पासून महिन्याला सरसकट ५,००० रुपये मिळतात. वय पन्नासच्या पुढे आणि कलाक्षेत्रात किमान पंधरा वर्षं काम हवं. काकांचं काम पंधराच्या कितीतरी पुढचं. पण पुरावा? हस्तपत्रिकांवर वगाच्या नायकाचं नाव मोठं, राधेचा फोटो, आणि वाद्यवृंद म्हणजे 'मृदंग व साथसंगत : मंडळाचे कार्यकर्ते'. वर्षानुवर्षं नम्रतेने छापलेल्या या ओळीने घात केला. शिवाय राहणं पालघर जिल्ह्यात, कला रत्नागिरीची, प्रयोग मुंबईत. अर्ज कुणाच्या दारात टाकायचा, इथपासून सुरुवात. शेवटी जुन्या जमाखर्चाच्या वह्यांतल्या 'मृदंग गाडीभाडे' अशा नोंदींच्या झेरॉक्स, गावच्या सरपंचांचं पत्र आणि चार फोटो जोडून फाईल केली. हे लिहीपर्यंत ती पुढे सरकलेली नाही. हस्तपत्रिकेत मात्र आता झीलकऱ्यांसकट प्रत्येकाचं नाव छापतात.

बदली

काकांच्या आजारपणानंतर नियम झाला: प्रत्येक पात्राला आणि वाद्याला दोन माणसं. गिरणीतला शब्दच वापरात आला, बदली. कृष्णाला बदली, मावशीला बदली, मृदंगाला दोन पोरं आणि एक मुलगी.

याची किंमत आहे. वर्षाला दोन-तीनदा रंगमंच मिळतो, त्यात वाटणी. नायक करणाऱ्या कंडक्टरने एक प्रयोग बदलीला द्यायला साफ नकार दिला, महिनाभर अबोला धरला. वाटून घेतलेल्या भूमिकेत धार कमी होते, ही त्याची तक्रार खोटी नाही. मी दोन्ही राधा पाहिल्या आहेत, दुसरी घाईत बोलते.

पण पहिल्या राधेचं काय झालं तेही पाहिलं पाहिजे. तिचं लग्न होऊन ती बदलापूरला गेली, दुसऱ्या हंगामात दिवस गेले. पूर्वी याचा अर्थ कायमची सुट्टी असाच व्हायचा: भूमिका दुसरीला, मग सासर, मग मूल, मग 'आमची वहिनी पण आधी काम करायची'. या वेळी ती बदलीला शिकवायला गच्चीवर येत राहिली, नंतर फोनवरून, आणि बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर एका प्रयोगात परत उभी राहिली. तालमी रात्रीच्या ऐवजी रविवारी दुपारी झाल्या होत्या, त्याचाही यात वाटा. दुपारच्या तालमीवर जुनी माणसं अजून कुरकुरतात. रात्रीशिवाय गळा सुटत नाही म्हणतात.

दुसरा हंगाम

२०२५ च्या सुरुवातीला उपनगरातल्या एका नाट्यगृहात आठवड्याच्या मधल्या दिवसाची तारीख मिळाली. भाडं एकट्याला झेपेना, म्हणून शेजारच्या वाडीच्या मंडळाबरोबर एकाच तारखेत दोघांनी खेळ करायचं ठरवलं. कोकणातल्या शक्ती-तुऱ्यात आणि डबलबारी भजनात दोन बाऱ्या, म्हणजे दोन संघ, समोरासमोर असतातच. या मंडळांना नमनात हे नवीन होतं.

आधी कोण? पहिल्याला कामावरून उशिरा येणारे प्रेक्षक मुकतात, दुसऱ्याला लवकर गाडी पकडणारे. चिठ्ठ्या टाकल्या. नमनं मात्र दोन्ही मंडळांनी मिळून म्हटली, सत्तर आवाज एकदम. त्या दहा मिनिटांसाठी मी पुन्हा तिकीट काढीन. खर्च निम्मा झाला, हॉल भरला, आमच्या मंडळाचा वग उरलेल्या वेळात कसाबसा संपला. पुढे भांडण झालं ते वहीवरून. दोन्ही मंडळांनी तिसऱ्या मंडळाला तिकिटं दिली होती, तर परतफेड कुणाच्या खात्यात? यावर झालेली चर्चा प्रयोगापेक्षा लांबली.

यूट्यूबचा हट्टही पोरांनी पुरवून घेतला. वगातला एक प्रवेश आणि गौळण टाकली. गौळणीची चाल सिनेमातल्या गाण्यावरून बांधलेली, म्हणून कॉपीराइटचा दावा आला आणि जाहिरातीचा जो काही चिल्लर पैसा मिळाला असता तो दुसरीकडे वळला. मग वगकाराने काकांकडून गावच्या जुन्या चाली काढून घेतल्या आणि दोन गौळणी नव्याने बांधल्या. पारंपरिक चाली परत याव्यात म्हणून भाषणं ऐकली होती. आणल्या कॉपीराइटच्या दाव्याने. व्हिडिओ गावाकडे आणि आखातात कामाला असलेल्यांनी पाहिला, त्यातल्या कुणी तिकीट घेणार नव्हतंच. पण शिमग्याला कुठल्या उड्या कुठे, हे गावातल्या पोरांनी त्यावरूनच बसवलं.

होळी १३ मार्चला होती. पूर्वी दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर तेव्हा दिव्याहूनच निघत होती, म्हणून नालासोपाऱ्याचे लोक मृदंग, पेट्या आणि संकासुराची टोपी घेऊन आधी लोकल बदलत दिव्याला गेले. दिव्याकरांनी बसायच्या जागा धरून ठेवल्या होत्या आणि त्याचं ऐकवायचं सोडलं नाही.

शिमग्यानंतरच्या सर्वसाधारण सभेत तीन ठराव होते. परळला नवं नाट्यगृह उभं राहून परवडेल अशा भाड्याने मिळेपर्यंत एक वर्ष पश्चिमेला, एक वर्ष मध्यला प्रयोग, हा वादावादीनंतर मतांनी मंजूर झाला. कपडे बदलायला बंद खोली नसेल तिथे प्रयोग घ्यायचा नाही, हा राधेचा ठराव चर्चेविना मंजूर झाला. जोडप्रयोगाच्या तिकिटांचा हिशेब कसा ठेवायचा हा तिसरा पुढच्या सभेवर ढकलला, कारण खजिनदार म्हणाला, यासाठी तिसरी वही घालावी लागेल आणि ती मी लिहिणार नाही, तिलाही बदली द्या.